मागच्या कोपऱ्यातली कत्तल

३ ऑगस्ट, रविवार
सोसायटीच्या बाग समितीचा प्रमुख झालो. दुसरं कोणी तयार नव्हतं, हा मुद्दा गौण. बिल्डिंगमागचं रान म्हणजे निव्वळ घुसखोरी. एकालाही जिवंत सोडणार नाही. कोयता आणला.
विनिता म्हणाली, हरतालिकेची पूजा यंदा आपल्याकडे, सगळ्या बिल्डिंगच्या बायका येणार, मागे हात लावू नका. बायकोला फुलं हवी असणार. फुलझाडांना अभय.

९ ऑगस्ट, शनिवार
शत्रूचा अभ्यास. प्रकार चार: वृक्ष, झुडूप, रोपटं, वेल. वृक्षांना माफी (कोयता लहान पडतो). बाकीच्यांना मृत्युदंड.

१० ऑगस्ट
पहिला बळी घाणेरी. काटेरी झुडूप, मरता मरता दोन्ही हात ओरबाडून गेलं. मग वेलींचे गळे चिरले. निवडुंगावर घाव घातला.
सायं. ६. निवडुंगाचा चीक डोळ्यात. डोळा सुजलाय. सूड घेणार.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन उरकून अंतिम हल्ला. गवत मुळासकट उपटलं. लांब तुऱ्यांच्या रोपट्यांची मुंडकी उडवली, ढीग करून जाळला. त्यांची कुसळं पायजम्याला चिकटून बसलीत. भ्याड लेकाचे. पायजमा धुणार नाही, विजयचिन्ह आहे.
बारीक पांढऱ्या फुलांची, गाजरासारख्या पानांची नाजूक रोपं तेवढी वाचवली. विनितासाठी. रोज पाणी घालीन.
तळमजल्यावरच्या जयाकाकू खिडकीतून बघत होत्या. धूर आला तशी खिडकी लावून घेतली. धाक बसला.

२६ ऑगस्ट, हरतालिका
स. ७. विनिता परडी घेऊन मागे गेली, रिकामी परडी घेऊन आली. हवी होती पत्री. दूर्वा, आघाडा, माका. सगळ्या बायका दरवर्षी तिथूनच नेतात म्हणे. हे आधी स्पष्ट सांगायला काय झालं होतं?
स. ७.३०. पांढरी फुलं अभिमानाने नेऊन दिली. जयाकाकू म्हणाल्या, "भाऊ, हे काँग्रेस गवत हाय. उपटायचं तण तेवढं ठेवलंत."
दुपार. मार्केटमध्ये पत्री संपली. जयाकाकूंनी माहेरच्या बांधावरून मागवली, त्यामुळे पूजा त्यांच्याकडे गेली. आमचा चौरंग मांडलेला तसाच. विनिता मोरीत जाऊन रडली. निर्जळी उपास आहे तिचा, त्यात बोलणंही सोडलं. फार वाईट वाटलं. पण चूक कोयत्याची.

७ सप्टेंबर
विनिता बोलली. तो पायजमा मागितला. कुसळं म्हणजे आघाड्याचंच बी. मागे नेऊन तिने मातीवर खसाखसा झटकला. कोयता कपाटात, किल्ली तिच्याकडे.

२१ सप्टेंबर
आघाडा उगवलाय. रोज पाणी मी घालतो. आज ती मागे उभी राहिली. म्हणाली, "हळू घाला. ही रोपंही मेली, तर तुम्ही मराल माझ्या हातून."