मराठीतलं चालू

प्रिय आत्याबाई,

गेलेल्या सासूला सुनेनं पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच! पण आज नांदेडात आपल्या त्या जुन्या तेलुगू खाणावळीत जेवून आले आणि राहवेना.

आठवतं का हो? इथल्या मुलींच्या शाळेनं मला मास्तरीण म्हणून बोलावलं होतं. आई म्हणेल तसं करू, म्हणून हे मोकळे झाले. आणि कंधारहून माझ्यासोबत आलेल्या तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलेल्या!

त्यात दशम्यांचं गाठोडं मोटारीतच विसरलात. हो, तुम्हीच! बाहेरच्या पाण्यालाही न शिवणाऱ्या तुम्ही भुकेपायी पडद्यामागच्या बायकांच्या खोलीत पत्रावळीवर बसलात. रांधतं कोण, पाणी कुठलं, सगळी झडती घेतलीत म्हणा. अंबाडीची चटणी चाटलीत आणि चेहरा खुलला.

वाढपी भात घेऊन आला. तुम्ही म्हणालात, "चालू द्या." तो पुढे गेला. परत आला, परत तुमचं चालू, परत तो पुढे! तुम्ही अशा तापलात! शेवटी म्हाताऱ्या मालकांनी पडद्याआडून सांगितलं, तेलुगूत चालु म्हणजे पुरे. मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात आणि पोटभर जेवलात.

हात धुताना म्हणालात, "पोरी, तुझी शाळा चालू."

मी घाईनं विचारलं, "तेलुगूतलं का मराठीतलं?"

"मराठीतलंच की गं. कचेरीत उर्दू, इथं तेलुगू. पोरींना मराठी कोनी शिकवावं मग? घरचं मी बघते."

नांदेडला बिऱ्हाड आणून बघितलंतही. पण वर्षभरसुद्धा नाही! एवढी कसली घाई होती? रागच आहे माझा तुमच्यावर.

आता वन्सं म्हणतात, घरात दुसरं बाईमाणूस नाही, पुरे झाली शाळा. ह्यांनाही ते पटायला लागलं होतं. म्हणून आज मीच त्यांना खाणावळीत नेलं. मी पडद्यामागे, हे बाहेर. थोड्या वेळानं ह्यांचा आवाज आला, "चालू द्या." आणि वाढपी पुढे! मला हसू आवरेना.

वाटेनं त्यांना सगळं सांगितलं, 'पोरींना मराठी कोनी शिकवावं' ह्या तुमच्या शब्दांसकट. कधी बोलला नव्हतात ना तुम्ही त्यांना? घरी येताच ह्यांनी घागर हाती घेतली. मग म्हणाले, "उद्या शाळा किती वाजता? पाणी मी भरतो."

आत्याबाई, भाकरी कधी करपेल, वन्सं रुसतील. पण शाळा चालू ठेवीन. मराठीतलं चालू.

तुमची,
मास्तरीणबाई