चित्रेजवळचे नऊ ठिपके

१६ एप्रिल १९७४, आटपाडी

मिरजेचा डॉक्टर म्हणतो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, लवकर कापा. नको म्हणून परत आलो! थोरल्या आक्काताईचा मोतीबिंदू काढून पट्टी सोडली तेव्हा उजव्या डोळ्यात काळोखच होता. विसरता येत नाही.

ही चिडली. “आवं, दिसतंय म्हणता, मग दावा की दिसतंय ते!”

नाथाजीनं तोड काढली. शाळूसोबती, पलटणीतनं रिटायर झालेला. त्याच्याकडे दुर्बीण आहे. चित्रा ताऱ्याच्या डाव्या अंगाला सध्या एक लघुग्रह आलाय — वेस्टा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीत बारीक ठिपका. तारे जागच्या जागी, हा तेवढा सरकतो. रोज दोघांनीही चित्र काढायचं, आदल्या चित्राशी ताडायचं. सरकणारा ठिपका मला सापडला तर मिरजेचं नाव काढायचं नाही. न सापडला तर गपगुमान एस.टी.त बसायचं.

१७ एप्रिल

जेवणानंतर माळवदावर. पहिलं चित्र. नऊ ठिपके. अंधुक — पण दिसले!

१९ एप्रिल

मान अवघडली. नऊच. नाथाजीच्या कागदावर मात्र एक सरकलाय.

“तुझा हात थरथरतो,” म्हटलं.

“बंदूक धरल्याली हाय ह्या हातानं, मास्तर! तुजं तू बघ.”

२० एप्रिल

तेच.

२१ एप्रिल

दिवसभर पडून. शिणलोय. शाळा आठवत राहिली. कविता पाठ झाली की पुस्तकं मिटायला लावायचो. पहिला शब्द मी द्यायचा, पुढचं सगळं वर्गाच्या ओठांवर आपसूक! काय गोड सूर लागायचा. हल्ली माझंही तसंच — चित्रा सापडली की पेन्सिल आपली आपण चालते.

हिनं माझी चित्रं एकावर एक कंदिलापुढं धरली. ठिपक्यावर ठिपका!

म्हटलं, “बघ, काहीच सरकत नाही.”

“मग नाथाजीभावजींचंच आभाळ तेवढं सरकतंय व्हय?”



२२ एप्रिल, अमावास्या

आज नऊ ठिपके झरझर काढले. दुर्बीण नाथाजीला दिली. त्यानं डोळ्याला लावली, लगेच खाली घेतली.

“आरं गड्या... टोपणं काढायची ऱ्हायलीच की रं.”

त्यानं टोपणं काढून दुर्बीण परत माझ्या हातात दिली. बराच वेळ लावून बसलो.

तेवढाच अंधार.