पहिली पावती देवीच्या नावे

खारी गाव, भाईंदर (पूर्व)
दि. ११ जानेवारी २०२६, रविवार

ताई,

तुला नीरजचा नमस्कार. पत्र आधी भावोजींच्या हाती पडलं तर त्यांनाही. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचावं, मग हवं तर फाडावं.

तुम्ही फोन उचलत नाही, ते बरोबरच आहे. म्हणून लिहितोय. आईचा गुडघा तसाच आहे, पण जिना उतरते. भाजी आणायला हल्ली स्टेशनपर्यंत चालत जाते, कारण इथल्या भाजीवालीचेही पैसे आपल्या ऑफिसात होते. 'आपल्या' लिहून गेलो. शेठच्या ऑफिसात. खाडाखोड करत नाही.

तुझ्या आरोहीचं नर्सिंग सुटल्याचं आईकडून कळलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

जितेश शेठ लोकांच्या ठेवी घेऊन पळाल्याला तीन महिने होतील. शटरला पोलिसांचं सील आहे, तरी संध्याकाळी लोक तिथे जमतात. मीही जातो. मला कोणी हात लावत नाही, शिवी देत नाही. "पोराचा पगारपण बुडवला त्याने," म्हणतात आणि मला चहा देतात.

शेठ बँकॉकला आहे, अशी अफवा आहे. मध्यंतरी एकदा त्यावरून बोलणं निघालं.

"वहाँ पकडा जाए तो अच्छा," फरसाणवाले भाई म्हणाले. "उधर एक फ्रॉडवाले को तेरह हजार साल की सजा हुई थी."

"तेरा हजार?" सुलूमावशी म्हणाली. ती उत्तनची, सुके बोंबील विकते. "तवर त्याला भात कोन घालल?"

"चीनला सरळ फासावर देतात," रिक्षावाला नाथा म्हणाला.

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे जामीन देतात."

सगळे हसले. मावशी हसली नाही. "तो कुठं बी गावूंदे," ती म्हणाली, "माजं माला मिलनार न्हाय."

घरी येऊन मी सगळं शोधून काढलं. मला तशी सवय आहे, तुला माहीत आहे. तीन-तीन ठिकाणी ताडून वहीत उतरवलं. थायलंडमध्ये तेरा हजार वर्षांची शिक्षा खरीच झाली होती, पण त्यांच्या कायद्याने वीस वर्षांच्या वर ठेवता येत नाही. व्हिएतनाममध्ये एका मोठ्या उद्योगपती बाईला देहदंड सुनावला, नंतर त्या गुन्ह्याचा देहदंडच काढून टाकला. चीनमध्येही असल्या गुन्ह्याला फाशी होती, आता नाही. अमेरिकेत एका म्हाताऱ्याला दीडशे वर्षं दिली, तो तुरुंगातच मेला. आपल्याकडे फसवणुकीला जास्तीत जास्त सात वर्षं.

रोज रात्री मी ती वही वाचतो. शेठसाठी वाचतो असं आईला वाटतं.

पावतीपुस्तकाची गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. आपल्या गावच्या मंडळात वर्गणीचं नवं पुस्तक काढलं की पहिली पावती देवीच्या नावे फाडतात, मग माणसांच्या. बाबा वर्षानुवर्षं तसंच करायचे. ऑफिसात लागलो तेव्हा शेठच्या पहिल्या पुस्तकावर मीही तसंच केलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. 'श्री देवी जुगाई, रु. १०१.' खिशातले घातले. शेठने ते पाहिलं आणि म्हणाला, "नीरज, यह हर बुक में करने का."

मग प्रत्येक पुस्तकात केलं. आपल्या गावाकडची माणसं आली की शेठ पहिलं पान उघडून दाखवायचा. लोक चपला काढायचे, ताई. पैसे भरताना चपला काढायचे.

फसलेल्यांची यादी करताना हवालदाराने मला विचारलं, "ही जुगाई कोण? सगळ्या पुस्तकांत एक नंबरला आहे. पत्ता का नाही?" मी सांगितलं, देवी आहे. त्याने नाव खोडलं नाही, समोर 'पत्ता अपूर्ण' लिहिलं.

हे कुठल्या देशात कुठल्या कलमाखाली येतं, ते मला सापडलं नाही.

आता तारखा लिहितो. चार ऑगस्टला, सोमवारी, मी शेठच्या त्या रायगडच्या जमिनीचा सातबारा काढून पाहिला. सगळ्यांचे पैसे त्या जमिनीत गुंतवलेत, असं आम्ही सांगायचो. त्यावर शेठचं नाव नव्हतं. भलत्याच माणसांची नावं होती. गट नंबर चुकला असेल म्हणून पुन्हा काढला, दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा काढला.

नऊ तारखेला, शनिवारी, भावोजी आले. नारळी पौर्णिमा होती. तू त्यांच्याकडे राखी दिली होतीस, ती आईने माझ्या हाताला बांधली. जेवण झाल्यावर ते ऑफिसला आले आणि म्हणाले, "नीरजराव, आरोहीच्या नर्सिंगच्या फीचे आहेत. एक वर्ष ठेवायचे. तुम्ही म्हणाल तसं."

अकरावीत शाळा सोडल्यापासून मला कोणी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं नव्हतं. नको म्हणालो असतो तर त्यांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर आधीच्या सगळ्यांना सांगावं लागलं असतं. मी एवढाच विचार केला. मग पुस्तक उघडून त्यांना पहिली पावती दाखवली. त्यांनी हात जोडले. मी फॉर्म भरला. एक अक्षरही चुकलं नाही.

मला माहीत होतं, ताई. पाच दिवस आधीपासून.

काल जबाबासाठी पुन्हा पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. साहेबांना मी हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

"तू माझा मुख्य साक्षीदार आहेस," ते म्हणाले. "तू आरोपी झालास की त्याचा वकील काय म्हणेल? सगळं या पोराने केलं. अक्षर याचं, सही याची. मग बाहेर ती माणसं बसलीत त्यांना काय सांगू? जा, पाणी पिऊन ये आणि नीट आठव."

मी पाणी पिऊन आलो.

"माहीत होतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. मी वाचून सही केली.

लोकांचे पैसे परत यायची काही आशा असेल, तर ती त्या खोट्या ओळीवर उभी आहे. आणि मी सुटलो तोही त्याच ओळीमुळे. यातल्या कशासाठी मी सही केली, ते कालपासून स्वतःला विचारतोय. पहिल्यासाठी, असं छातीवर हात ठेवून लिहिता येत नाही.

माफी मागत नाही. हा कागद जपून ठेव. तो ठाण्यात दिलास तर मी नाकारणार नाही. पण मग शेठ सुटेल, असं साहेब म्हणतात. नाही दिलास तर आरोहीच्या तोंडाकडे बघत तुला गप्प बसावं लागेल. जे मला ठरवता आलं नाही ते तुझ्यावर टाकतोय, हे मला कळतंय. तरी टाकतोय.

पत्र दोनदा वाचून पाहिलं. तारखा बरोबर आहेत. ओळख पटवायला अडचण येऊ नये म्हणून खाली 'तुझा भाऊ' न लिहिता पूर्ण नाव लिहितोय.

नीरज हरिश्चंद्र रेवाळे
(सही माझीच आहे.)