मुंगीचा फोन

प्रिय पार्टनर,

मी रागावलोय. आधी ते सांगून टाकतो, म्हणजे अर्धं पत्र वाचून तू "याला झालंय काय" म्हणत चष्मा पुसत बसायला नको. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्यात "अरे, ऐक तर" घुसवतोस आणि शेवटी मीच ऐकून घेऊन फोन ठेवतो. तीस वर्षं हेच चाललंय. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तू मुलीकडे पडून आहेस, अशा माणसाला असलं पत्र पाठवू नये हे मलाही कळतं. पण दीड महिना थांबलो, आता थांबवत नाही. जावईबापूंसमोर वाचू नकोस एवढंच.

गेल्या वर्षी मेकॅनिकांना नवे फोन द्यायचे ठरलं तेव्हा मी पंधरा दिवस मागितले होते. लिफ्टमधलं लाल बटण कुणी दाबलं की अलार्म सरळ त्या भागातल्या मेकॅनिकच्या फोनवर, त्याने पाच मिनिटांत उचलला नाही तर माझ्या फोनवर, अशी आपली नवी व्यवस्था. म्हणजे फोन हे हत्यारच झालं, पान्यासारखं. मी म्हणत होतो, मोटर घेताना आपण रंग बघत नाही, पाचव्या वर्षी सुटा भाग मिळेल का ते विचारतो. फोनचंही तसंच विचारू, अपडेट किती वर्षं येतात, वेळेवर येतात का, आणि आत काय काय आधीच कोंबून ठेवलंय. तू म्हणालास, "फोन घेतोयस की सून बघतोयस?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तुझ्या जावयाच्या दुकानातून दहा खोकी आली. नऊ त्यांची, दहावं माझं, वर चकचकीत कव्हर फुकट.

फोन कसले, भरलेला बाजार. उघडला की आधी पत्त्यांचा खेळ, मग कर्ज घ्या म्हणणारी बाई, मग "तुमचा फोन हलका करतो" म्हणत मागे लागणारा एक आगंतुक, ज्याला बाहेर काढायची सोय कंपनीने ठेवलेलीच नाही. वर्षभरात अपडेट एकदाच आला आणि जाताना आणखी दोन खेळ ठेवून गेला. माझे कान तुला माहीत आहेत. ब्रेकचा पट्टा झिजला की तो मला तळमजल्यावरून कळतो, आणि जिन्यात आपली पोरं काय बोलतात तेही कळतं. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "वाजला तर जाहिरात, नाही वाजला तर लिफ्ट." मला हसू आलं आणि मी कानाडोळा केला. जावयाची ती पहिली मोठी ऑर्डर होती. मुलीचं मार्गी लागतंय म्हणून तू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवायला लागला होतास, तेही मी बघत होतो.

मग ती दुपार आली. शिवणकाम करणाऱ्या बाई आणि त्यांची सहा वर्षांची नात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, सव्वा तास. बाईंनी लाल बटण इतकं दाबलं की अंगठा सुजला. त्या भागातला आपला मेकॅनिक मुंगी त्या वेळी दोन इमारती सोडून डबा खात होता, फोन डब्याच्या झाकणाला टेकवून. शेवटी वॉचमन त्याला शोधत धावत आला, आणि त्याने चार मिनिटांत दोघींना बाहेर काढलं. ती पोर आता पाचव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढते, आजी मागून धापा टाकत. मी दोनदा जाऊन बघून आलोय. माझ्याकडे बघून ती पोर आजीच्या पदराआड जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय केलंस ते तुझं तुला माहीत आहे, तरी लिहितो. बावीस वर्षं आपल्याकडे असलेला माणूस, लिफ्टच्या उभ्या भुयारात सरसर चढतो म्हणून आपणच मुंगी नाव ठेवलेला. त्याने फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, वाजलाच नाही." तू म्हणालास, "बावीस वर्षांत शिकलास काय, तर झोपा काढायला, आणि वर खोटं बोलायला." तो भांडला नाही. जुडग्यातून मशीनच्या खोल्यांच्या किल्ल्या एकेक काढून त्याने ओळीने मांडल्या, कुठली कुठल्या इमारतीची ते सांगत. मग हातमोजे खिशात घातले आणि गेला. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो होतो.

त्याचा फोन मी माझ्या खणात ठेवला. तू ऑपरेशनला गेलास आणि मी कामाला लागलो. फोन अर्धा तास तसाच पडू द्यायचा आणि मग वर्कशॉपमधल्या चाचणीच्या लिफ्टमधलं बटण दाबायचं. आठ दिवसांत अकरा वेळा दाबलं. चार वेळा वाजला. बाकी वेळी तो फोन हलका करणारा आगंतुक आपल्या अलार्मला गपचूप झोपवून ठेवत होता. पडदा उघडला की आधी खेळाची जाहिरात, आणि तिच्या खाली आपला अलार्म, शिळा. अलार्मवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, यावरचा इलाज अपडेटमधून कधीच आलाय, तुमच्या मॉडेलला कंपनीने पाठवलेला नाही. पाठवणार का? तर ते मॉडेल आता जुनं झालं. एका वर्षात. आपण बसवलेली लिफ्ट एका वर्षात जुनी झाली म्हणालो असतो तर लोकांनी आपल्याला तिच्यातच कोंडलं असतं.

मग मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथला सेल्समन तासभर कॅमेरा दाखवत होता. मी म्हटलं, बाबा रे, मला भुयारात उभं राहून फोटो काढायचे नाहीत. शेवटी बिलाच्या काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "काका, खोक्यावर लिहिलेलं सोडा. ज्या कंपनीचा घ्यायचाय तिचाच दोन वर्षं जुना फोन मागा आणि आत शेवटच्या अपडेटची तारीख बघा." काय अक्कल आहे. एका कंपनीच्या जुन्या फोनवर ह्याच महिन्याची तारीख होती, आणि आत कामाच्या चार गोष्टी सोडून काही नाही, कोरी पाटी. दहा घेतले. कॅमेरा बेताचाच आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. त्या सकाळी मुंगीसमोरच तू माझ्याकडे वळून विचारलं होतंस, "दुसरा अलार्म तुझ्याकडे आला असेल ना?" मी म्हणालो, आला असेल, गाडीत होतो, गोंगाटात ऐकू आला नाही. पार्टनर, मी गाडीत नव्हतो. इथेच टेबलाशी चहा पीत होतो, फोन बशीशेजारी होता आणि तो वाजलाच नव्हता. खरं बोललो असतो तर मुंगी खरा ठरला असता, फोन खोटे ठरले असते, आणि बोट जावयावरून तुझ्यावर आलं असतं. म्हणून मी चोर सोडून संन्याशाला फाशी जाऊ दिलं. ऐकू आलं नाही असं मी म्हणालो आणि तू मान डोलावलीस. तेच मुंगी म्हणाला तर खोटारडा. तुझ्यावर रागावलोय हे खरंच, पण माझा नंबर पहिला. काल त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. दारात बसून कुणाचा तरी पंखा दुरुस्त करत होता, मान वर न करता म्हणाला, "मला माहीत होतं साहेब. तुमचा वाजला असता तर तुम्ही आला असता." ओरडला असता तर बरं वाटलं असतं. सोमवारी नऊ वाजता नवे फोन वाटतोय, तेव्हा हे सगळ्यांसमोर बोलणार आहे. आधी माझं मी बोलेन, मग तुझं तू बोल. आपल्या ऑफिसला लिफ्ट नाही आणि तुझा गुडघा असा, जिना कसा चढणार, हे मी मुंगीला सांगितलं. पात्याचा स्क्रू आवळून झाल्यावर तो म्हणाला, येत असतील तर खुर्चीची एक बाजू मी धरतो.

तुझाच,
खिडकीजवळच्या खुर्चीतला