मेढीजवळचा बैल

धाड, मार्च १९७५

दादा,

काल विज्ञान प्रदर्शनात, 'आतलं जास्त जोरात फिरते' असं दाखवणाऱ्या माह्या आकाशगंगेच्या तक्त्यासमोर तू साऱ्या गावादेखत हसला. म्हणे, "मास्तरीण झाली, पण मळणीत मेढीजवळचा बैल हळू चालते, हे हिले मालूम नाही!" तू सरपंच. तू हसला म्हणून हेडमास्तरनं माह्याकडचं विज्ञान काढून शिवण देलं.

मळणी मले मालूम आहे; खळ्याच्या मधल्या खांबाजवळचा, मेढीजवळचा बैल हळूच चालते. पण आकाशगंगेच्या मधी कृष्णविवर असावं म्हणतात, अन् तिथं उलटं आहे. त्याच्याभोवतीचा तापलेला वायू जेवढा आत, तेवढा जोरात फिरते. तिथंच भडके उठतात.

सोमवारी शिवणाच्या तासाले पोरीयले हेच शिकवीन. हे पत्र टाकत नाही. टाकलं तं परवानगी मागितल्यासारखं होईन.

मले जलमभर मेढीजवळच बांधलं ना तुम्ही? मंग पाहा, आतलं कसं पेटते ते.

तुही बहीण,
जनका