टीव्हीतली सून आणि नळावरची मी

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टीव्हीतल्या तुझ्या त्या लाडक्या सुनेवरचा माझा राग काही जात नाही. परवा मोबाइलवर तिच्या मालिकेचा जुना भाग समोर आला आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. काय होतं गं तिच्यात? सासूनं ताट फेकलं की डोळे भरायचे, नवऱ्यानं हाकललं की डोळे भरायचे, आणि झोपतानासुद्धा गळ्यात हार! भोसरीच्या आपल्या खोलीत तू पोळ्या लाटत बसलेली, नजर टीव्हीवर, तव्यावरची पोळी करपली तरी पत्ता नाही. मी चाकणहून पहिली शिफ्ट संपवून येते, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, आणि तू म्हणतेस, "गप बस जरा, तिला घराबाहेर काढायलेत." मला कुणी काढलं असतं तर तू जाहिरात लागेपर्यंत उठली नसतीस.

सगळ्यात लागलं ते तिच्या अपघाताच्या वेळी. ती दवाखान्यात बेशुद्ध, आणि तू तिच्यासाठी गुरुवार धरलास. खोट्या बाईसाठी खरा उपास! त्याच दिवसांत मला कंपनीत कायम करायचं की घरी बसवायचं, ते ठरत होतं. तिनं डोळे उघडले तेव्हा तू चाळभर साखर वाटलीस. मी कायम झाल्याचं सांगितलं तेव्हा म्हणालीस, "बरं झालं. कुकर लाव." मी कुकर आदळला, तर वर ऐकवलंस, "तिच्यावर किती आलं, पण तोंडातून ब्र काढला का तिनं? नाहीतर तू!" मी कुकर लावला आणि मालिकेत ती एकदाची मरावी म्हणून वाट बघत राहिले.

आता मी पिंपळे सौदागरला राहते आणि कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर गेम खेळते. हसू नकोस. त्यातली बाई तलवार घेऊन भिंतींवरून उड्या मारते, मेली तरी परत उभी राहते, आणि एकदाही रडत नाही. तुझ्या रडूबाईपेक्षा शंभरपट बरी. तुझ्याशी भांडायलाच मी तिला निवडलंय, असं कधीकधी वाटतं. लेव्हल जिंकले की मनात म्हणते, बघ, बाई अशी असते.

गेल्या रविवारी, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच, चाळीत गेले होते. नळावर तुझ्याबरोबर धुणं धुणारी शेजारची मावशी आठवते ना? तिनं चहा टाकला आणि विचारलं, "तुझ्या त्या साहेबाचं पुढं काय झालं गं?"

"कुठल्या साहेबाचं?"

"असं काय करती? ज्याच्या टेबलावर तू खराब माल नेऊन आदळलास. 'आधी हा बघा, मग माझ्यावर वरडा', म्हणालीस त्यो! तुझी आई रोज नळावर सांगायची. बादल्या भरून वाहायच्या, पण आमी उठायचो न्हाई. ती गेली आन् गोष्ट अर्धीच राहिली बघ."

आई, मी असं कधीच बोलले नव्हते. त्या साहेबानं लाइनवर सगळ्यांसमोर मला झापलं होतं आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. घरी येऊन तुला हेच सांगितलं होतं. तू टीव्हीवरून नजरही हलवली नव्हतीस. म्हणजे ऐकत होतीस तर.

आनंद झाला गं, नाही असं नाही. पण लगेच जळफळाटही झाला. साऱ्या बायका जिच्यासाठी बादल्या सोडून बसायच्या, ती पोरगी तू मला एकदाही का दाखवली नाहीस? घरात मला कुकर आणि नळावर तिचं कौतुक! टीव्हीतल्या सुनेला निदान शिव्या तरी घालता यायच्या. हिला काय म्हणू? हिची कंपनी माझी, हिची शिफ्ट माझी, आणि आईही माझीच.

मावशी कप हातात धरून थांबली होती. मी म्हणाले, "साहेबानं माफी मागितली, मावशी. सगळ्यांसमोर."

मावशीनं मांडीवर हात मारला. "मला ठावं हुतं! मग तू काय म्हणलीस?"

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. मी मग बराच वेळ सांगत बसले. एकही शब्द खरा नव्हता, आणि तुझ्या त्या पोरीचा मला इतका हेवा कधीच वाटला नव्हता.