साधं की त्र्याण्णव

६ नोव्हेंबर ८८
गाडी आणली. दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटरसायकल, जुनी, वापीच्या एका हौशी पोराकडून. त्याने रेसच्या नादात इंजिनचं हेड घासून घेतलंय, त्यामुळे आत दाब जास्त. सुटते मस्त. पोरगा निघताना म्हणाला, "काका, हिला ९३ ऑक्टेनच पाजा. साधं पेट्रोल नको, नॉक करेल." आता ९३ मिळतं ते वापीला, हायवेच्या पंपावर. सिल्वासात फक्त साधं, ८७. दर आठवड्याला वापीला कोण तडफडणार? कंपनीत फिटर आहे मी, कुणी सांगितलं म्हणून ऐकणारा नाही. बघू.
सुमनला आवडली. म्हणजे निदान नाक मुरडलं नाही.

१३ नोव्हेंबर
सुट्टी. ऑक्टेनचा निकाल लावून टाकला. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त हा लोकांचा गैरसमज. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेटत नाही, एवढंच. साधं पेटतं, आणि मग चढावर इंजिनातून बारीक खटखट येते. तेच नॉकिंग. म्हणजे हिशेब सोपा. खटखट होत नाही तोवर हलकं पेट्रोल घालत जायचं. कान हाच मीटर.
आधी निम्मं-निम्मं. खानवेलच्या अलीकडच्या चढावर टॉप गिअरला खेचली. काही नाही. मग साधं वाढवलं. काही नाही. शेवटी टाकीत नुसतं साधं. चढ संपेस्तोवर कान लावून होतो. एकदम गुळगुळीत. पोरगा उगाच बाता मारत होता.
आमच्या टेक्श्चरायझिंगच्या, म्हणजे धाग्याला पीळ देण्याच्या खात्यात शेजारचा ओरडला तरी कळत नाही. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग जाणार ते मी सांगतो. दहा वर्षं सांगतोय. माझ्या कानाला कोण शिकवणार.

२ डिसेंबर
दुसरी पाळी असली की सकाळी सुमनला खानवेलला तिच्या शाळेत सोडायचं ठरलंय. बस चुकली की मुलं वर्गात मास्तरणीची वाट बघत बसतात, आणि राग निघतो माझ्यावर. आज चढ संपल्यावर म्हणाली, "अहो, कसला तरी आवाज येतोय. डब्यात खडे हलवल्यासारखा." चेनचं कव्हर असेल म्हटलं. ऐकलं, काही नव्हतं.
हल्ली पुटपुटते फार. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतो, घरात नवऱ्याशी बोलायचं तर अंगात ताकद नाही. तसं सांगितलं. रुसली.

१८ डिसेंबर
डोकमर्डीच्या नाक्यावर जयंतीभाईचं गॅरेज. क्लचची तार बदलायला गेलो, त्याने गाडी एक चक्कर मारून आणली. "भास्करभाई, आ तो नॉक करे छे. सांभळो ने." ऐका म्हणून मला मागे बसवलं आणि चढावाकडे पळवत नेली. काही नाही. प्लग काढून दाखवला, पांढराफटक. "गरम थाय छे. ९३ नाखो, नहीं तो पिस्टन जशे." पिस्टन जाईल म्हणे. म्हटलं, आधी स्वतःचे कान तपास. हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.
भांडून आलो. गिऱ्हाइकाला घाबरवून खिसा कापतात.

९ जानेवारी ८९
सु. शेजारी हळदीकुंकवाच्या तयारीला गेली. जाताना सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. शिट्टी झालीच नाही. धुराचा वास आला तेव्हा उठलो. डाळीचा कोळसा. म्हटलं, शिट्टी बिघडलीय. सु.ने कुकर घासायला घेतला. शेजारच्या वहिनी बोलल्या, "भाऊजी, आम्ही भिंतीपलीकडून मोजल्या की!"
शिट्टी उघडून बघितली. चांगली आहे.

२४ जानेवारी
काल सकाळी. चढ, टाकीत साधं, मागे सु. अर्ध्यावर मागचं चाक एकदम जाम. क्लच दाबेपर्यंत आडवे झालो. मला खरचटलं. सु. उजव्या हातावर पडली, मनगट मोडलं. एक टेम्पोवाला थांबला म्हणून सिल्वासाला दवाखान्यात पोचलो.
रात्री म्हणाली, जवळ येऊन, तोंडासमोर, "चढ लागला तेव्हापासून खडखडत होतं. मी ओरडत होते थांबा म्हणून. स्वेटर ओढत होते तुमचा."
मला वाटलं, गार लागलं म्हणून बिलगतेय. बरं वाटलं होतं मला.

२६ जानेवारी
गॅरेजात इंजिन उघडलं. डाव्या पिस्टनला भोक, बोट जाईल एवढं. जयंतीभाईने तो माझ्या हातात ठेवला आणि चहा मागवला. बोलला असता तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी
वापीला कानाचा डॉक्टर. कानाला यंत्र लावून बसवलं. आवाज आला की बोट वर करा. बराच वेळ बोट मांडीवरच. मला वाटलं अजून सुरू केलं नाही.
जाड आवाज शाबूत आहेत म्हणाला, बारीक गेलेत. परत येणार नाहीत. "काम कुठे? खात्यात कानात काही घालता का?" कोण घालतं. कापसाचे बोळे घालून येणाऱ्या पोरांना बायकी म्हणून चिडवायचो मी.
म्हणजे इंजिनची गुरगुर मला येते, खटखट येत नाही. मशीनची घरघर येते, बेअरिंगची बारीक किरकिर येत नाही. आमच्या मॅनेजर शहासाहेबांचं बोलणं येतं. सु.चं येत नाही.
तिला पुटपुटतेस म्हणालो होतो. लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते.

१२ फेब्रुवारी
जयंतीभाई म्हणाला, दोन रस्ते. हेडखाली जाड गास्केट घालून दाब उतरवायचा, मग साधं चालेल. नाहीतर आहे तसं ठेवून ९३. म्हटलं, दोन्ही कर.
"बेउ शा माटे?" दोन्ही कशाला, म्हणे.
"मला ऐकू येत नाही."
घराबाहेर पहिल्यांदा बोललो. त्याने हात पुसले, बराच वेळ पुसत राहिला. मग मोठ्याने, सावकाश म्हणाला, "तो भाभीने पाछळ बेसाडो. ए सांभळशे."
ठरलं मग. ऐकायला सु. मागे बसणार. खटखट ऐकली की सु. माझ्या डाव्या खांद्यावर थाप मारणार. ती नसली की चढावर गाडी रेटायची नाही.

२० फेब्रुवारी
मागच्या आठवड्यात मी पास केलेलं चार नंबरच्या मशीनचं बेअरिंग आज गेलं. गरगर फिरणारा स्पिंडल सुटून भिंतीत घुसला. तिथला ऑपरेटर पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. शिव्या खाल्ल्या ग्रीसवाल्या रामजीने. "ग्रीस दिलं होतं, साहेब," म्हणत होता. माझ्याकडे बघत होता, मी साक्ष देईन म्हणून. दिलं होतंच त्याने. मला माहीत होतं.
स्क्रू-ड्रायव्हर आता मी सवयीने लावतो. मूठ कानाशी, डोळे मिटून, मान हलवतो. हातांना जेवढी थरथर कळते त्यावर भागवतो.

५ मार्च
सु.चं प्लास्टर काढलं. हात सुकलाय, मनगट जरा वाकडंच बसलंय. फळ्यावर लिहिता येईल का, विचारलं. बघू म्हणाली.
तिला घेऊन चढावर गेलो. जाड गास्केट, टाकीत ९३. ती घाबरली होती, मीही. अर्ध्या चढावर खांद्यावर थाप. लगेच क्लच दाबला, बाजूला घेतली, बंद केली.
"नॉक?"
मान हलवली. नाही.
"मग?"
समोर येऊन उभी राहिली. "बोलत होते मी. रखोलीपासून बोलतेय."
"काय?"
"कंपनीत सांगून टाका म्हणत होते."
म्हटलं, सांगितलं तर घरी बसवतील. कान नसलेला फिटर कोण ठेवणार? तुझी नोकरी हंगामी, त्यात हा हात. गावी अमळनेरला जाऊन काय करू? ती पुढे काही बोलली नाही. म्हणजे तोंड हललं नाही.

१२ मार्च
नवीन मशीन बसलं. आजवरच्यांहून जास्त वेगाचं. त्याच्यासोबत मला हेड फिटर करणार आहेत. शहासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "भास्कर हां बोलेगा, तभी बटन दबेगा." पोरांनी टाळ्या वाजवल्या. रामजीनेसुद्धा. मशीन पळत असताना पोरं खाली वाकून हाताने धागा ओवतात, डोकी स्पिंडलच्या समोर.
उद्या त्याची पहिली पाळी.

१३ मार्च, पहाटे
झोप नाही. सु.ने चहा केला, डाव्या हाताने.
गाडीत ९३ आहे, काठोकाठ. गाडीचं सोपं आहे. खात्री नसेल तर वरचं पेट्रोल भरावं, जाड गास्केट घालावं, दाब उतरवावा, मागे बायकोला बसवावं. मशीनचा दाब मी कसा उतरवू? तिथे खांद्यावर थाप मारायला कोणी नाही.
हां म्हणालो तर पोरांची डोकी. नाही म्हणालो तर विचारतील, काय ऐकलंस? आणि काहीच ऐकलं नाही म्हणालो तर
स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. काढून टेबलावर ठेवला. पुन्हा घातला.
सु. आत्ता दारातून काहीतरी म्हणाली असावी. मान खाली घालून लिहीत होतो, वर बघेपर्यंत आत गेली. विचारायला उठलो नाही.
भोंगा झाला. तो ऐकू येतो.